माणशी एक ग्रॅम तिळाचं तेल

एखाद्या देशाच्या आहारात तिळाच्या तेलाचा वाटा किती, हे सांगणारा एक आकडा तक्त्यांत आणि नकाशांत दिसतो: माणशी दररोज अमुक इतके ग्रॅम स्निग्ध पदार्थ. तो वाचून बहुतेकांचा समज होतो की त्या देशातला माणूस रोज तेवढं तेल खातो. तसं नाही. हा आकडा काढताना कोणी कोणाच्या ताटात डोकावलेलं नसतं.

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना देशोदेशींचे अन्न ताळेबंद तयार करते. उत्पादनात आयात मिळवायची, निर्यात वजा करायची, साठ्यातली वाढ-घट धरायची. मग साबणासारखे अन्नेतर उपयोग आणि साठवण-वाहतुकीतली नासाडी काढून टाकायची. उरेल त्याला लोकसंख्येने आणि 365 ने भागायचं. एक कोटी लोकांच्या देशात वर्षाला 3,650 टन तिळाचं तेल खाण्यासाठी उरलं, तर माणशी रोज बरोबर 1 ग्रॅम येतो. हा पुरवठा झाला, सेवन नव्हे. तळून उरलेलं आणि फेकून दिलेलं तेलही यात खाल्लेलंच धरलं जातं.

शिवाय या ताळेबंदात तीळ आणि तिळाचं तेल यांच्या ओळी वेगळ्या असतात. तेल गाळायला गेलेले तीळ बियांच्या ओळीतून ‘प्रक्रिया’ म्हणून वजा होतात, म्हणजे तोच स्निग्धांश दोनदा मोजला जात नाही. तिळाच्या वजनात साधारण निम्मं तेल असतं. त्यामुळे जिथे तीळ अख्खे किंवा वाटून खाल्ले जातात, तिथे तेलाच्या ओळीत शून्याजवळचा आकडा दिसूनही तिळातून मिळणारे स्निग्ध पदार्थ चांगले भरघोस असू शकतात. एकच ओळ पाहून ‘तिथे तीळ खात नाहीत’ म्हणणं चूक आहे.

जगाच्या तेलबाजारात पाम, सोयाबीन, रेपसीड आणि सूर्यफूल यांचंच राज्य आहे. तिळाच्या तेलाचा वाटा एक टक्क्याहूनही कमी. पोषणाच्या हिशेबात 1 ग्रॅम म्हणजे 9 किलोकॅलरी. प्रौढांनी एकूण ऊर्जेच्या निदान 15 टक्के ऊर्जा स्निग्ध पदार्थांतून घ्यावी, असं अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या 2008 च्या तज्ज्ञ बैठकीने सांगितलं. 2,000 किलोकॅलरींच्या आहारात ते 33 ग्रॅम होतात. त्यातला 1 ग्रॅम किरकोळच.

पण तो ग्रॅम कसला आहे, हे तक्ता सांगत नाही, आणि माझ्या मते खरी मौज तिथे आहे.

तिळाच्या तेलात ओलेइक आणि लिनोलेइक ही दोन मेदाम्लं प्रत्येकी चाळीस टक्क्यांच्या आसपास असतात. लिनोलेइक आम्ल शरीराला बनवता येत नाही, ते अन्नातूनच यावं लागतं. अशी मेदाम्लं आवश्यक असतात हे जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने 1929 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. मात्र हेच आम्ल तेल खवट करण्यात पुढे असतं. त्याच्या अठरा कार्बनच्या साखळीत दोन दुहेरी बंध आहेत आणि त्या दोहोंच्या मधोमध अकरावा कार्बन. त्याच्यावरचे हायड्रोजन फार सैल धरलेले असतात, कारण हायड्रोजन गेल्यावर मागे उरलेला एकटा इलेक्ट्रॉन दोन्ही बाजूंच्या दुहेरी बंधांवर पसरून स्थिरावू शकतो. उजेड, उष्णता किंवा तांब्या-लोखंडाचा अंश यांनी एकदा तो हायड्रोजन निघाला की रेणूचा मुक्त मूलक, म्हणजे एकट्या इलेक्ट्रॉनचा अस्थिर रेणू होतो. हा मूलक तत्काळ ऑक्सिजन पकडतो आणि पेरॉक्सिल मूलक बनतो. पेरॉक्सिल शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढून स्वतः शांत होतो, पण आता तो शेजारी मूलक झालेला असतो. पकडापकडीच्या खेळासारखंच हे: ज्याला शिवलं त्याच्यावर राज्य येतं, राज्य एकाकडून दुसऱ्याकडे जातं, पण संपत नाही. शांत झालेल्या रेणूंना हायड्रोपेरॉक्साइड म्हणतात. त्यांना वास नसतो. ते तुटून हेक्सानलसारखे अल्डिहाइड तयार होतात, तेव्हा नाकाला खवटपणा कळतो. लिनोलेइक आम्लात ही साखळी ओलेइकच्या मानाने दहापटीहून जास्त वेगाने धावते.

मग इतकं लिनोलेइक असूनही तिळाचं तेल टिकतं कसं? त्यात जेमतेम एक टक्का लिग्नन नावाची वनस्पतिज संयुगं असतात, मुख्यतः सेसामिन आणि सेसामोलिन. सेसामोलिनच्या पोटात सेसामोल हा फिनॉल, म्हणजे बेंझिनच्या कड्याला ओएच गट जोडलेला रेणू, बांधलेला असतो. तीळ भाजले किंवा तेल तापलं की तो बंध तुटतो आणि सेसामोल मोकळं होतं. त्याच्या ओएच गटातला हायड्रोजन पेरॉक्सिल मूलकाला सहज मिळतो. सेसामोल स्वतः मूलक होतं खरं, पण त्याचा एकटा इलेक्ट्रॉन बेंझिनच्या कड्यावर पसरतो आणि तो रेणू पुढे कोणाला शिवायला जात नाही. साखळी तिथेच थांबते. सोबत गॅमा-टोकोफेरॉल हा ई जीवनसत्त्वाचा प्रकार हेच काम करत असतो.

शुद्धीकरणात तेलाचा वास काढताना सेसामोल बरंचसं उडून जातं. तरी शुद्धीकरण केलेलं तेलही टिकतं, कारण रंग काढण्यासाठी वापरलेल्या आम्लयुक्त मातीमुळे सेसामोलिनची फेररचना होऊन सेसामिनॉल हा दुसरा फिनॉल तयार होतो. हे जपानी संशोधकांनी 1980 च्या दशकात उलगडलं. रसायनशास्त्रातलं इतकं सुंदर उदाहरण शाळेच्या पुस्तकात यायला हवं.

या गुणाच्या जोरावर तिळाच्या तेलाला वाटेल ते चिकटवलं जातं, त्याचा मला मनापासून राग येतो. ‘चरबी वितळवणारं तेल’ असं काही नसतं, याही ग्रॅमच्या 9 किलोकॅलरीच होतात. बाटलीवरचं ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ जवळजवळ कुठल्याही वनस्पती तेलाला लागू पडतं. तोंडात तेल खुळखुळवून शरीरातली विषं निघत नाहीत. आणि ओमेगा-3 यात नावापुरतंच, एक टक्क्याच्याही आत असतं. ते हवं तर जवसाकडे जावं. जवसाच्या तेलात ते निम्म्याहून जास्त असतं आणि म्हणूनच ते तेल हवेत इतक्या झपाट्याने ऑक्सिजन घेतं की चित्रकारांच्या तैलरंगात ते सुकून कडक होतं.

ताळेबंदाच्या तक्त्यात जवसाचा ग्रॅम आणि तिळाचा ग्रॅम अगदी सारखे मोजले जातात. नासाडीच्या रकान्यात गोदामापासून दुकानापर्यंतचं नुकसान येतं, घरातल्या बाटलीत खवट होऊन ओतून दिलेलं तेल येत नाही. साठवण गरम जागेत, उजेडात, महिनोन्‌महिने असेल, तर मोजलेल्या ग्रॅमपैकी पोटात किती जातो हे तेलागणिक बदलतं. तिळाच्या तेलाच्या बाबतीत हा फरक बहुधा कमी पडतो.