धूमकेतूची तारीख आणि माणसाची

बाळाच्या पाचवीला किंवा सहाव्या रात्री पाटा-वरवंट्याची पूजा मांडून शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची पद्धत आपल्याकडे अनेक घरांत आहे. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाचे भविष्य लिहून जाते, अशी समजूत असते. सकाळी कागद कोराच असतो, पण त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. काहीतरी लिहिले गेले आहे एवढा भरवसा लोकांना पुरतो; ते वाचता आलेच पाहिजे, असा हट्ट कोणी धरत नाही.

तो हट्ट विज्ञानकथेने धरला. रॉबर्ट हाइनलाइन यांची ‘लाइफ-लाइन’ ही पहिली प्रकाशित कथा ऑगस्ट १९३९ मध्ये एका अमेरिकी मासिकात आली. तिच्यातील ह्यूगो पिनेरो हा संशोधक माणसाच्या मृत्यूची वेळ सांगणारे यंत्र बनवतो. लांब तारेत बिघाड कोठे झाला आहे हे जसे एका टोकाकडून विजेचा संकेत सोडून हुडकता येते, तसे माणसाचे आयुष्य ही काळात पसरलेली तार समजून पिनेरो तिचे पलीकडचे टोक हुडकतो. विमा कंपन्यांचा धंदा बसू लागतो आणि अखेर त्याचा खून होतो. त्याने स्वतःच्या मृत्यूची वेळही आधीच लिहून ठेवलेली असते आणि ती बरोबर निघते. त्याची परीक्षा घेणाऱ्या विद्वानांची भाकितेही बंद पाकिटांत तयार असतात. ती ते न उघडताच जाळून टाकतात.

कथेतील तारेची उपमा मोहक आहे, परंतु सारी गोम तिच्यातच आहे. तारेचे पलीकडचे टोक आज अस्तित्वात असते, म्हणून ते सापडते. माणसाच्या मरणाचे टोक आज कोठे असते का?

या प्रश्नाला इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांच्या कामातून चांगले उत्तर मिळते. त्यांनी १७०५ मध्ये गणिताने दाखवले की १५३१, १६०७ आणि १६८२ या वर्षी दिसलेला धूमकेतू एकच असून तो १७५८ च्या सुमारास पुन्हा दिसेल. हॅली १७४२ मध्ये निवर्तले आणि धूमकेतू २५ डिसेंबर १७५८ रोजी दिसला. याच हॅलींनी १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ शहरातील (आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) जन्ममृत्यूच्या नोंदींवरून आयुर्मानाचा तक्ता तयार केला. पहिल्या वर्षातील १००० बालकांपैकी विसाव्या वर्षी ५९८ आणि साठाव्या वर्षी २४२ उरतात, असे त्यात दिसते. इंग्लंडचे सरकार तेव्हा तहहयात वर्षासन (एकदा पैसे भरून मरेपर्यंत दरवर्षी मिळणारी रक्कम) विकताना विशीतल्या आणि साठीतल्या माणसाकडून सारखीच रक्कम घेत असे. तो व्यवहार किती आतबट्ट्याचा आहे हे या तक्त्यामुळे कळले. मात्र ज्या माणसाने धूमकेतूचे वर्ष सांगितले, त्याने ब्रेस्लाऊच्या एकाही रहिवाशाचे वर्ष सांगितले नाही. त्या २४२ जणांत कोण असेल, याचे उत्तर तक्त्यात नव्हते आणि आजच्या तक्त्यांतही नाही.

त्या तक्त्यांची भाषा समजून घेताना आपण नेहमी एक चूक करतो. भारतातील जन्मवेळचे सरासरी आयुर्मान २०१६ ते २०२० या काळासाठी सुमारे ७० वर्षे निघाले, याचा अर्थ पासष्टीच्या माणसाची पाच वर्षे उरली असा होत नाही. साठी गाठलेल्या माणसापुढे सरासरीने आणखी सुमारे अठरा वर्षे असतात, कारण बालपणी आणि तरुणपणी दगावलेल्यांचा हिशेब आता त्याच्या वाट्याला येत नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास हे आयुर्मान बत्तीसच्या आसपास होते. तेव्हा पंचविशीत माणसे म्हातारी होत होती असे नव्हे. पाळण्यातले मृत्यू सरासरीला खाली ओढत होते.

लंडनचे गणितज्ञ बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी १८२५ मध्ये या गर्दीचा आणखी एक नियम दाखवला. प्रौढ वयात मृत्यूची वार्षिक शक्यता ठरावीक वर्षांनी दुप्पट होत जाते आणि आजच्या लोकसंख्यांत हा काळ साधारण आठ वर्षांचा असतो. तिसाव्या वर्षी ती हजारात एक धरली, तर अडतिसाव्या वर्षी दोन, शेहेचाळिसाव्या वर्षी चार आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी चौसष्ट होते. लाखो माणसे इतक्या शिस्तीत मरतात की विमा कंपनीला पुढच्या वर्षीच्या दाव्यांची रक्कम आधीच मांडता येते. तिला नावांची गरजच पडत नाही. पिनेरोच्या यंत्राने ती बुडते ती याच कारणाने. ज्याची तारीख दूर आहे तो हप्ता कशाला भरेल, आणि ज्याची जवळ आहे त्याला विमा कोण देईल?

एकेका माणसाची तारीख निदान जनुकांत तरी दडलेली असेल, या आशेला प्रयोगशाळेतील सी. एलिगन्स या एक मिलिमीटर लांबीच्या गोलकृमीने चांगलाच धक्का दिला आहे. एकाच वंशाचे, जनुके जवळजवळ हुबेहूब असलेले कृमी एकाच बशीत, एकाच तापमानात, एकाच जिवाणूच्या खाद्यावर वाढवले, तरी काही दहाव्या-बाराव्या दिवशी मरतात आणि काही महिनाभर वळवळत राहतात. माणसांतही डेन्मार्कमधील जुळ्यांच्या अभ्यासांतून आयुष्याच्या लांबीतील तफावतीपैकी सुमारे एक चतुर्थांश वाटाच आनुवंशिक निघाला. डीएनएवरील रासायनिक खुणांवरून शरीराचे वय काढणारी ‘घड्याळे’ गेल्या दशकात पुष्कळ गाजली. स्टीव्ह हॉर्वाथ यांचे २०१३ मधील घड्याळ ३५३ खुणा पाहून सुमारे साडेतीन वर्षांच्या फरकाने वय सांगते, आणि नंतरची काही घड्याळे मृत्यूच्या जोखमीचा अंदाजही बऱ्यापैकी देतात. परंतु जोखीम म्हणजे पुन्हा हॅलींचा तक्ताच, फक्त अधिक बारीक रकान्यांचा.

हे सारे खरे असले तरी पिनेरोच्या यंत्राच्या जवळ जाणारी एक चाचणी आज खरोखर अस्तित्वात आहे. हंटिंग्टन रोगात बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान हातापायांच्या अनावर हालचाली सुरू होतात, स्वभाव बदलतो, विचारशक्ती ढासळते आणि साधारण पंधरा-वीस वर्षांत मृत्यू येतो. आईला किंवा वडिलांना तो असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी असते. अमेरिकी संशोधक नॅन्सी वेक्सलर यांच्या आईला हा रोग होता. त्या आणि त्यांचे सहकारी व्हेनेझुएलातील माराकायबो सरोवराकाठच्या मोठ्या बाधित कुटुंबांकडे वर्षानुवर्षे जात राहिले. तेथून आणलेल्या रक्ताच्या नमुन्यांच्या मदतीने १९८३ मध्ये रोगाचे ठिकाण चौथ्या गुणसूत्रावर निश्चित झाले आणि १९९३ मध्ये जनुक सापडले. त्यात ‘सीएजी’ ही डीएनएची तीन अक्षरे ओळीने पुन्हा पुन्हा येतात. ती २६ वेळांपर्यंत असतील तर काळजीचे कारण नाही; ४० किंवा अधिक वेळा असतील, तर माणूस त्याआधी दुसऱ्या कशाने गेला नाही, तर रोग होणारच. आकडा जितका मोठा, तितकी सुरुवात साधारणपणे लवकर. तरीही नेमके वर्ष तो सांगत नाही.

चाचणी येण्यापूर्वीच्या सर्वेक्षणांत जोखीम असलेल्या अनेकांनी ती करून घेण्याची तयारी दाखवली होती. प्रत्यक्षात ती आली तेव्हा बहुतेक देशांत पाचांपैकी एकही पुरता पुढे आला नाही. जे येतात त्यांना रक्त देण्याआधी समुपदेशकापुढे बसावे लागते. निकालाच्या दिवशी सोबत कोण असेल, त्या संध्याकाळी तुम्ही काय करणार, भावंडांना सांगणार का, असे साधे प्रश्न तेथे विचारले जातात. निकाल समोर बसवूनच सांगतात आणि दारातूनही परत फिरण्याची मुभा असते. काही जण रक्त देतात आणि निकाल घ्यायला येतच नाहीत. रोग होणार नाही असे कळलेल्या काहींनाही सावरायला वेळ लागतो, ही गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. मरण लवकर येणार असे धरून ज्याने लग्न टाळले, पैसा राखला नाही, त्याच्या हातात एकाएकी चाळीस वर्षे येऊन पडतात आणि शेजारी निकाल वाईट आलेली सख्खी बहीण बसलेली असते.

या लोकांना भित्रे म्हणणे मला पटत नाही. रक्तदाब मोजला तर गोळी घेता येते. येथे रोग थांबवणारे मान्यताप्राप्त औषध अजून नाही.

डीएनएची रचना उलगडण्यात ज्यांचा वाटा होता, त्या जेम्स वॉटसन यांचा संपूर्ण जनुकसंच २००७ मध्ये उलगडण्यात आला आणि त्यांनी तो जगाला खुला करायला परवानगी दिली. अट एकच होती: अल्झायमरच्या जोखमीशी निगडित असलेले एपीओई हे जनुक प्रसिद्ध करू नये आणि त्यांनाही सांगू नये. त्यांच्या आजीला तो आजार होता. पुढे काही संशोधकांच्या लक्षात आले की शेजारची अक्षरे वाचूनही झाकलेल्या जनुकाचा अंदाज करता येतो. त्यानंतर एकोणिसाव्या गुणसूत्रावरील त्या जनुकाच्या आसपासची सुमारे वीस लाख अक्षरे त्या सार्वजनिक नोंदीतून काढून टाकण्यात आली.