ब्राउझरमध्ये चालतं, ॲपमध्ये का नाही? : सर्टिफिकेटच्या मधल्या कडीची पार्श्वभूमी

सर्व्हर सांभाळणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हे कधी ना कधी भोगलेलं असतं. साइटची ओळख पटवणारं नवीन सर्टिफिकेट बसवलं, क्रोममध्ये साइट झकास उघडली, आणि अर्ध्या तासात ॲपवाल्यांचा फोन: "आमच्याकडे कनेक्टच होत नाहीये." कर्ल या कमांडलाइन साधनाने पाहावं तर तीच रड. कनेक्शन तपासणारं 'ओपनएसएसएल एस_क्लायंट' चालवलं की एरर क्रमांक 20 येतो, 'अनेबल टू गेट लोकल इश्युअर सर्टिफिकेट'. मुदत बाकी आहे, डोमेनचं नाव बरोबर आहे, सर्टिफिकेट अस्सल आहे. अडलंय ते मधल्या कडीत, म्हणजे साइटचं सर्टिफिकेट आणि ब्राउझरचा आधीपासून विश्वास असलेलं मूळ सर्टिफिकेट (रूट) यांना जोडणाऱ्या 'इंटरमीडिएट' सर्टिफिकेटमध्ये. ती कडी तिथे आली कशी, याची गोष्ट तीसेक वर्षं मागे जाते.

नेटस्केपने 1995 साली एसएसएल या सुरक्षित कनेक्शनच्या पद्धतीची दुसरी आवृत्ती बाजारात आणली तेव्हा साखळी हा प्रकारच नव्हता. सर्व्हरने एकच सर्टिफिकेट द्यायचं आणि त्यावरची सही ब्राउझरमधल्या एखाद्या रूटशी जुळायला हवी, संपलं. एकापुढे एक सर्टिफिकेटं पाठवायची सोय 1996 च्या तिसऱ्या आवृत्तीत आली. गरज साधी होती. रूटची खाजगी की (सही करायची गुप्त किल्ली) रोजच्या वापरात ठेवणं म्हणजे तिजोरीची किल्ली गल्ल्यावर ठेवणं. म्हणून रूट बंद कुलपात, नेटवर्कपासून तोडून ठेवायचं आणि त्याने सही केलेल्या इंटरमीडिएटकडून रोजचं काम करून घ्यायचं. ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था यांच्या सामाईक मंचाने 2012 पासून लागू केलेल्या नियमांत तर रूटवरून थेट सर्व्हरचं सर्टिफिकेट देण्यालाच मनाई झाली.

या खबरदारीचा उपयोग आपल्याकडेही दिसला. जुलै 2014 मध्ये गूगलला स्वतःच्या काही डोमेनांची बनावट सर्टिफिकेटं सापडली. ती एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या इंटरमीडिएटवरून निघाली होती आणि त्यांच्यावर भारत सरकारच्या सीसीएचं (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांवरचा नियंत्रक) रूट होतं. सीसीएने एनआयसीची इंटरमीडिएट रद्द केली. रूट तसंच राहिलं, पण गूगलने क्रोममध्ये त्याला जीओव्ही.इन, एनआयसी.इन अशा मोजक्या डोमेनांच्या कुंपणात बांधून टाकलं. 2011 साली नेदरलँड्सच्या डिजिनोटार या सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीचं नशीब एवढंही नव्हतं. घुसखोरी उघड झाली, सगळ्या ब्राउझरांनी तिला बाहेर काढलं आणि महिन्याभरात कंपनीचं दिवाळं निघालं.

सोय म्हणून आलेल्या या कडीने एक नवीन काम मात्र मागे लावलं: इंटरमीडिएट सर्व्हरनेच पाठवायचं असतं. विसरलं तर क्रोम सर्टिफिकेटमध्ये लिहिलेल्या पत्त्यावरून ते स्वतःच उतरवून घेतो. फायरफॉक्स आधीपासून साठवलेल्या इंटरमीडिएटांवर वेळ निभावतो. कर्ल, जावा, अँड्रॉइडवरची बरीच ॲप्स असले लाड करत नाहीत. माझं प्रामाणिक मत असं की ब्राउझरांच्या या सौजन्यानेच घोळ वाढवला. पहिल्याच दिवशी साइट उघडली नसती तर चूक त्याच दिवशी सापडली असती.

आता फाइली पाहा. सर्टिफिकेट आपोआप मिळवणारं सर्टबॉट चार देतो: सर्ट.पेम, चेन.पेम, फुलचेन.पेम आणि प्रायव्हकी.पेम. एनजिनएक्स या वेब सर्व्हरला सर्टिफिकेटच्या ओळीत फुलचेन (आपलं सर्टिफिकेट आणि इंटरमीडिएट एकत्र) हवी असते. नाव पाहून माणूस हमखास सर्ट.पेम देतो आणि वरची सगळी कथा सुरू होते. हाताने फाइल जोडत असाल तर आधी आपलं सर्टिफिकेट, मग इंटरमीडिएट. उलट केलं तर एनजिनएक्स सुरूच होत नाही, 'की व्हॅल्यूज मिसमॅच' म्हणून थांबतो. खरं तर ही चूक बरी, निदान लगेच कळते. अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये साखळीसाठी वेगळी ओळ असायची. 2.4.8 पासून तिथेही सगळं एकाच फाइलमध्ये चालतं, पण जुने ट्युटोरियल वाचून जुनी ओळ लिहिणारे आजही भेटतात.

साखळी पूर्ण पाठवूनही फसगत होते, हे 30 सप्टेंबर 2021 ला कळलं. फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं स्वतःचं रूट नवं, म्हणून सुरुवातीपासून त्यांनी आयडेनट्रस्ट कंपनीच्या डीएसटी रूट सीए एक्स3 या जुन्या रूटचा आधार घेतला होता. त्याची मुदत त्या दिवशी, भारतीय वेळेनुसार संध्याकाळी साडेसातच्या सुमारास संपली. नव्या ब्राउझरांना काही झालं नाही. पण ओपनएसएसएल या सुरक्षा लायब्ररीची जुनी 1.0.2 आवृत्ती सर्व्हरने पाठवलेल्या वाटेनेच वर चढत जाई आणि मेलेल्या रूटपाशी अडकून पडे. शेजारी लेट्स एन्क्रिप्टचं स्वतःचं, जिवंत आयएसआरजी रूट एक्स1 असलं तरी. सेंटओएस 7 या जुन्या लिनक्सवरची मशीनं अशी अडली. गंमत म्हणजे तीच वाट मुद्दाम ठेवलेली होती, कारण 7.1.1 च्या आधीच्या अँड्रॉइडवर आयएसआरजीचं रूटच नाही, आणि अँड्रॉइड रूटची मुदत तपासत नाही. जुने फोन वाचले, जुने सर्व्हर पडले. सर्व्हरवरच्या विश्वासू यादीतून डीएसटी रूट काढून टाकलं की सगळं पूर्ववत, म्हणजे उपाय जोडण्याचा नव्हता, काढण्याचा होता.

मुदतीचा फास तर आवळतच चाललाय. एकेकाळी पाच वर्षांची सर्टिफिकेटं मिळत. 2018 मध्ये 825 दिवस, 2020 मध्ये 398. एप्रिल 2025 मध्ये मंजूर झालेल्या ठरावाप्रमाणे मार्च 2026 पासून 200, 2027 पासून 100 आणि 2029 पासून 47 दिवस. इतक्या वेळा हाताने कोण बसवणार? क्रॉन (ठरल्या वेळी काम आपोआप करणारा) लागतोच. आणि तिथे शेवटची गोम आहे. नवी फाइल डिस्कवर येते, लॉगमध्ये 'सक्सेस' लिहिलं जातं, पण एनजिनएक्सने जुनं सर्टिफिकेट सुरू होतानाच मेमरीत घेतलेलं असतं. सर्टबॉटला रीलोडचा डिप्लॉय हुक (नवं सर्टिफिकेट आलं की चालणारी कमांड) दिला नसेल, तर तो जुनंच वाटत बसतो.