वाफेच्या इंजिनाचे वेगविक्रम

वाफेच्या इंजिनाने ओढलेल्या आगगाडीचा नोंदला गेलेला कमाल वेग. तो गाडीच्या सरासरी वेगाहून वेगळा असतो. जुन्या वृत्तपत्रांत या दोहोंची सर्रास सरमिसळ आढळते.

१८२९ च्या रेनहिल (इंग्लंड) येथील इंजिनांच्या चाचण्यांत स्टीव्हन्सन यांच्या ‘रॉकेट’ने ताशी सुमारे ४८ किमी. वेग गाठला. ताशी १०० मैलांचा (१६१ किमी.) टप्पा प्रथम कोणी ओलांडला, हे मात्र वादग्रस्त आहे. ९ मे १९०४ रोजी इंग्लंडमधील वेलिंग्टनच्या उतारावर ‘सिटी ऑफ ट्रुरो’ने तो ओलांडला, असे गाडीतले निरीक्षक चार्ल्स राउस-मार्टेन यांचे म्हणणे. खिडकीतून पाव मैलाच्या खुणा पाहत त्यांनी विरामघड्याळावर ८.८ सेकंद मोजले. त्यावरून ताशी १०२.३ मैल वेग निघतो. पण त्या घड्याळाचा काटा सेकंदाच्या पाचव्या हिश्शाने सरके. काटा एक घर चुकला असेल, तर वेग नेमका १०० मैल होतो. दोन घरे चुकला असेल, तर ९८ हून कमी. त्यामुळे वेग शंभराच्या आसपास होता, एवढेच म्हणणे सुरक्षित वाटते. मापनयंत्रांच्या डब्यासह १०० मैलांची निर्विवाद नोंद झाली ती ३० नोव्हेंबर १९३४ रोजी, ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ची.

११ मे १९३६ रोजी जर्मनीच्या ‘०५ ००२’ ने ताशी २००.४ किमी. वेग गाठला. ३ जुलै १९३८ रोजी ब्रिटनच्या ‘मॅलार्ड’ इंजिनाने स्टोकच्या उतारावर १२६ मैल (सु. २०३ किमी.) गाठले आणि हाच आकडा सर्वमान्य आहे. तथापि तो अगदी थोड्या अंतरापुरता होता. खुद्द अभिकल्पक नायजेल ग्रेस्ली १२५ मैलांवर समाधानी होते. त्या वेगात दोन मीटर व्यासाची चाके सेकंदाला जवळजवळ नऊ फेरे घेत होती. मधल्या सिलिंडरच्या जोडदांड्याचे बेअरिंग तापून वितळले व इंजिन पीटरबरोला सोडवावे लागले. जर्मन धाव जवळजवळ सपाट मार्गावर झाली होती, म्हणून निव्वळ शक्तीच्या कसोटीवर काही अभ्यासक तिला वरचढ मानतात. हे मत डावलण्यासारखे नाही.

२००८ मध्ये पूर्ण झालेल्या ‘टॉर्नेडो’ या नव्या इंजिनाने १२ एप्रिल २०१७ रोजी चाचणीत १०० मैल गाठले. प्रवासी गाड्यांसाठी त्याची मर्यादा एरवी ७५ मैल असे. म्हणजे १९३८ चा विक्रम आजही अबाधित आहे.