थायरॉईड असताना टोफू चालतो का?

आमचा टोफू आणि सोया दूध सातपूरला तयार होऊन नाशिकभर घरपोच जातं. ऑर्डरच्या फोनवर भावाच्याही आधी विचारलं जातं, "मला थायरॉईड आहे, हे चालेल ना?" विकणारे आम्हीच, त्यामुळे नुसतं 'चालतं' म्हटलं तर कोण विश्वास ठेवणार? म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी मीठ बघा

थायरॉईड ग्रंथीला हार्मोन बनवायला आयोडीन लागतं. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम, गरोदर बाईला २५०. मासे, अंडी, दूध-दही यांतून ते थोडंफार मिळत असतं. हे सगळं बंद केलं की भिस्त उरते मिठावर. आणि नेमकं तेव्हाच बरेच जण 'नैसर्गिक' म्हणून सैंधव किंवा गुलाबी मिठाकडे वळतात. त्यात आयोडीन नगण्य असतं. एकादशीला, श्रावणी सोमवारी सैंधव खा, पण बारा महिने घरात तेच नको. आपल्याकडे गलगंडाविरुद्धची सरकारी मोहीम १९६२ पासून चालू आहे, तिचाही भर आयोडीनयुक्त मिठावरच आहे. असं मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत, शेगडीपासून लांब ठेवा.

म्हणून मीठ जास्त खायचं, असं मात्र नाही. समुद्री शेवाळाच्या कॅप्सूलही स्वतःच्या मनाने घेऊ नका, कारण आयोडीन जास्त झालं तरी थायरॉईड बिघडतो.

मग सोयाचं काय?

आयोडीन पुरेसं मिळत असेल तर सोयामुळे निरोगी माणसाचा थायरॉईड बिघडत नाही. अडचण आहे ती गोळी घेणाऱ्यांची. सोयामुळे थायरॉक्सिनची, म्हणजे कमी पडणाऱ्या थायरॉईड हार्मोनची, गोळी नीट शोषली जात नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचंही तसंच, आणि आमचा टोफू कॅल्शियमच्या क्षारानेच साकळतो, हेही सांगून टाकतो. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्या. चहा-नाश्ता निदान अर्ध्या तासाने, तासाने झाला तर उत्तम. रविवारी मिसळीला जायची कितीही घाई असली तरी! सोया, कॅल्शियम आणि लोह यांच्यात आणि गोळीत चार तास जाऊ द्या. सकाळी सहाला गोळी घेतली तर टोफू दुपारच्या जेवणात बिनधास्त खा.

कोबी, फ्लॉवर, बाजरी

कोबी-फ्लॉवर शिजवले की त्यांतले थायरॉईडला अडवणारे घटक बरेच कमी होतात. रोज पेलाभर कच्च्या कोबीचा रस पिणं वेगळं, भाजी वेगळी. बाजरीचं मात्र तसं नाही, भाकरी भाजल्याने तिच्यातले असे घटक जात नाहीत. पण त्रास दिसला तो आयोडीनची कमतरता असलेल्या भागांत, जिथे जेवण जवळजवळ सगळं बाजरीवरच होतं. सिन्नर-येवल्याकडची थंडीतली भाकरी त्यासाठी सोडायला नको. मध्ये मध्ये ज्वारी, गहू असू द्या म्हणजे झालं.

थकवा जात नसेल तर

दूधही सोडलं असेल तर बी-१२ वेगळं घ्यावंच लागतं. ते कमी पडलं की थकवा येतो, हातापायाला मुंग्या येतात, आणि लोक थायरॉईडची गोळी वाढवून मागतात. दोन्ही तपासून घ्या. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा. त्यामुळे थायरॉईडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

टोफूने थायरॉईड बरा होतो असं कुणी म्हणालं, अगदी आमच्या डिलिव्हरीच्या मुलाने जरी, तरी गोळी बंद करू नका. सोया नव्याने रोज सुरू करत असाल तर डॉक्टरांच्या कानावर घाला आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करून घ्या. दिवस राहिले असतील तर तेवढंही थांबू नका, लगेच दाखवा.