मरीन हॉस्पिटल सर्व्हिस

अमेरिकेच्या व्यापारी जहाजांवरील खलाशांना सरकारतर्फे औषधोपचार देण्यासाठी उभी राहिलेली रुग्णालयांची व्यवस्था. १६ जुलै १७९८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी आजारी व अपंग खलाशांच्या साहाय्यासाठी केलेल्या कायद्यावर सही केली, तिथून तिची सुरुवात होते. १९८१ मध्ये खलाशांचा सरकारी उपचारांवरचा हक्क संपला. मधल्या १८३ वर्षांत याच व्यवस्थेतून अमेरिकेची सार्वजनिक आरोग्य सेवा निघाली. मात्र जिच्यासाठी पहिला पैसा खलाशाच्या पगारातून कापला गेला, तिच्या कारभारात खलाशी हळूहळू कडेला सरकत गेला.

ही कल्पना अमेरिकेची नव्हे. इंग्लंडमध्ये १६९६ च्या कायद्यापासून खलाशांच्या वेतनातून दरमहा सहा पेन्स ग्रिनिचच्या रुग्णालयासाठी कापले जात. व्यापारी जहाजांवरचे खलाशीही ते भरत, पण ग्रिनिचची दारे उघडी होती ती फक्त नौदलाच्या माणसांना. पैसा एकाचा आणि खाट दुसऱ्याची, असा हा प्रकार १८३४ पर्यंत चालला. १७२९ नंतर अमेरिकेतल्या वसाहतींमधल्या खलाशांकडूनही हे सहा पेन्स घेतले जात होते, त्यामुळे स्वातंत्र्यानंतर कायदा करणाऱ्यांना अशी कपात नवखी नव्हती.

गरजही खरी होती. त्या काळी गावातल्या गोरगरिबांची सोय गाव पाही. खलाशी मात्र कुठल्याच गावचा नसे. पीतज्वराने फणफणलेल्या किंवा डोलकाठीवरून पडून पाय मोडलेल्या माणसाला धक्क्यावर सोडून जहाज पुढे जाई, आणि त्याचा खर्च कोणी उचलायचा यावरून बंदरातल्या शहरात कुरबूर होई. शिवाय व्यापार चालायचा तर जहाजावर धडधाकट हात हवेत. त्यामुळे कायद्यामागे दया होती तितकाच व्यवहारही होता.

वसुली जकात खात्याकडे सोपवलेली होती. परदेशाहून आलेल्या जहाजाच्या कप्तानाने बंदराच्या जकात अधिकाऱ्यापुढे जाऊन, मागच्या खेपेनंतर किती खलाशी कामावर ठेवले आणि किती महिने, याचा हिशेब द्यायचा आणि दर खलाशामागे दरमहा २० सेंट भरायचे. पंधरा जणांचे जहाज आठ महिन्यांनी परतले, तर २४ डॉलर मोजायचे. ते भरल्याशिवाय जहाजाची नोंद होत नसे, आणि खोटा हिशेब दिल्यास १०० डॉलर दंड होता. कप्तान ही रक्कम खलाशांच्या पगारातून वळती करून घेई. आपल्याकडे राज्य कर्मचारी विम्याची वर्गणी पगारातून कापली जाते तसेच हे. फरक इतकाच की इथे मालकाला पदरचे काहीच घालावे लागत नसे. २०१० च्या आरोग्य विमा कायद्यावरून अमेरिकेत वाद पेटला तेव्हा ‘सक्तीची वर्गणी आम्ही १७९८ पासून घेत आलो आहोत’ असा दाखला कायद्याच्या समर्थकांनी याच वसुलीवरून दिला.

सुरुवातीला ज्या भागात पैसा जमे तिथेच तो खर्च व्हायचा. १८०२ मध्ये सगळ्याचा एकच निधी झाला. बॉस्टन बंदरातल्या कॅसल बेटावर १७९९ मध्ये तात्पुरती सोय करून तिथे डॉ. थॉमस वेल्श यांना नेमण्यात आले. १८०१ मध्ये व्हर्जिनियात नॉरफोकजवळचे रुग्णालय सरकारने विकत घेतले, आणि १८०४ मध्ये बॉस्टनलगतच्या चार्ल्सटाउनला नवे रुग्णालय सुरू झाले. अमेरिकेत देवीची लस रुजवणारे डॉ. बेंजामिन वॉटरहाउस काही काळ तिथे होते. जिथे सरकारचे स्वतःचे रुग्णालय नव्हते तिथे स्थानिक डॉक्टर आणि खाणावळवाल्यांशी करार करून खलाशांची सोय लावत.

पुढे वाफेच्या बोटींनी मिसिसिपी आणि ओहायो नद्या गजबजल्या, तशी नदीवरच्या नावाड्यांसाठीही रुग्णालयांची मागणी झाली. १८३७ मध्ये काँग्रेसने जागा पाहण्यास मंजुरी दिली, आणि मग आपल्याच गावात रुग्णालय व्हावे म्हणून लोकप्रतिनिधींची चढाओढ लागली. आर्कान्सामधल्या नेपोलियन गावचे उदाहरण बोलके आहे. मिसिसिपीच्या ढासळत्या काठावर तिथे रुग्णालय बांधले गेले. नदीने काठ पोखरत आणला आणि १८६८ मध्ये इमारत नदीत कोसळू लागली. काही वर्षांत गावही नकाशावरून पुसले गेले. त्याच काळातली केंटकीमधल्या लुइव्हिलची इमारत मात्र अजून उभी आहे. तिचा आराखडा वॉशिंग्टन स्मारकाचे वास्तुकार रॉबर्ट मिल्स यांचा.

यादवी युद्धात बहुतेक रुग्णालये सैन्याने ताब्यात घेतली. युद्धापूर्वीच्या २७ पैकी १८६४ मध्ये जेमतेम ८ चालू होती. सरकारने पाहणी करवली आणि १८७० च्या कायद्याने सगळी रुग्णालये एका वैद्यकीय प्रमुखाच्या हाताखाली आणली. खलाशाची कपातही २० वरून ४० सेंटांवर गेली. १८७१ मध्ये या जागेवर आलेले जॉन मेनार्ड वुडवर्थ युद्धात जनरल शर्मन यांच्या सैन्याबरोबर डॉक्टर म्हणून फिरलेले होते. त्यांनी वशिल्याच्या नेमणुका बंद करून परीक्षा आणल्या, डॉक्टरांना गणवेश दिला, आणि त्यांची एका बंदरातून दुसऱ्या बंदरात बदली करता येईल अशी घडी बसवली. नांगर आणि दंडाभोवती वेटोळे घातलेले सर्प हे चिन्ह त्यांच्याच काळातले. अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्य सेवेचे प्रमुख, आजही नौदलाच्या अधिकाऱ्यासारखे दिसतात ते यामुळे.

१८८४ मध्ये खलाशाची कपात रद्द होऊन त्याऐवजी जहाजांवरच्या टनेज कराचा (जहाजाच्या आकारमानावर बसणाऱ्या कराचा) पैसा येऊ लागला, आणि १९०६ पासून खर्च सरळ सरकारी तिजोरीतून होऊ लागला. कपात गेली हे खलाशाच्या दृष्टीने बरेच झाले, पण ‘हे आमच्या पैशाचे रुग्णालय’ असे म्हणायची सोयही तिच्याबरोबर गेली.

तोवर डॉक्टरांवर दुसरीच कामे येऊन पडली होती. १८७८ च्या कायद्याने क्वारंटीनचे अधिकार आले. १८८७ मध्ये न्यू यॉर्कच्या स्टेटन बेटावरच्या खलाशी रुग्णालयात जोसेफ किन्यून या २६ वर्षांच्या डॉक्टरांनी एका खोलीत जंतुशास्त्राची प्रयोगशाळा मांडली. त्याच वर्षी इटलीहून आलेल्या प्रवाशांमधले पटकीचे जंतू त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून दाखवले. ही खोली म्हणजे आजच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थचे मूळ. एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांची तपासणीही याच सेवेचे डॉक्टर करत. रांग पुढे सरकत असताना ते खडूने कोटावर अक्षर ओढत: हृदयविकाराचा संशय असेल तर ‘एच’, डोळ्यांचा असेल तर ‘ई’. खुपऱ्या पाहण्यासाठी बुटांची बटणे लावायच्या आकड्याने पापणी उलटी करत, आणि ती तपासणी लोकांच्या जन्मभर लक्षात राहिली.

किन्यून यांची पुढची कामगिरी मुंबईशी जोडलेली आहे. १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी वस्तीत प्लेग आढळल्यावर तिथल्या लोकांना हाफकिन यांची लस टोचण्याचा घाट या सेवेने घातला. ही लस १८९७ मध्ये मुंबईच्या प्लेगात, ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार झालेली. नुसत्या चिनी लोकांवर टोचणीची सक्ती करणे न्यायालयाने पक्षपाती ठरवले.

१९०२ मध्ये सेवेच्या नावात ‘सार्वजनिक आरोग्य’ आधी आले आणि ‘मरीन हॉस्पिटल’ मागे गेले. १९१२ मध्ये तर ते नावातून गळलेच. लुइझियानातले कारव्हिलचे कुष्ठरुग्णालय १९२१ पासून याच सेवेकडे होते. १९४१ मध्ये डॉ. गाय फॅजेट यांनी प्रोमिन या सल्फोन औषधाचे प्रयोग सुरू केले ते तिथेच, आणि कुष्ठरोगावरच्या उपचारांना त्यातून वळण लागले.

खलाशांसाठी रुग्णालये तरीही चालूच होती. पण जहाज कंपन्यांचे विमे आले आणि एकाच व्यवसायाला सरकारी खर्चाने उपचार का, हा प्रश्न दर काही वर्षांनी निघू लागला. रेगन यांच्या पहिल्या अंदाजपत्रकाने त्यावर पडदा टाकला. १९८१ मध्ये उरलेली आठ रुग्णालये सार्वजनिक आरोग्य सेवेने सोडली, काही बंद झाली तर काही स्थानिक संस्थांकडे गेली. आता आजारी खलाशाला आधार आहे तो सागरी कायद्यातल्या जुन्या नियमाचा: जहाजाच्या नोकरीत आजारी पडला वा जखमी झाला, तर त्याचे खाणेपिणे आणि उपचार जहाजमालकाने पाहायचे. हा नियम मध्ययुगीन युरोपातला, म्हणजे १७९८ च्या कायद्याहून कितीतरी जुना. २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारातही हेच तत्त्व आहे. भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला, त्यामुळे रत्नागिरी किंवा गोव्याहून बोटीवर जाणाऱ्यांनाही तो लागू होतो.

सिएटलच्या टेकडीवरच्या रुग्णालयाच्या इमारतीत पुढे काही वर्षे ॲमेझॉनचे मुख्यालय होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या रुग्णालयात आता भाड्याची घरे आहेत. त्याच्या मागच्या बाजूला शेकडो खलाशी पुरलेले आहेत. विसाव्या शतकात त्या दफनभूमीवर भराव टाकून गाड्या उभ्या करायची जागा केली होती.