किलोवॉट वेगळा, युनिट वेगळं: इलेक्ट्रिक गाडी घेण्याआधी हा गुंता सोडवा

इलेक्ट्रिक कार गावात चालेल का, परवडेल का, असा विषय निघाला की तीन वाक्यं हमखास ऐकू येतात. "त्या गाडीची बॅटरी २४ किलोवॉटची आहे." "हायवेवरच्या ६० किलोवॉटच्या चार्जरला लावली तर बिल घरच्या वीसपट येते." "घरावर ३ किलोवॉटचं सोलर आहे, गाडीला ३.३ लागते, म्हणजे थोडक्यात हुकलं." तिन्ही चूक आहेत आणि तिन्हींमागे घोळ एकच: किलोवॉट आणि किलोवॉट-अवर या दोन गोष्टी एक समजल्या गेल्या. शोरूममध्ये गाडी विकणारेही असंच बोलतात. त्यांनी तरी बोलू नये, कारण त्यांच्या भरवशावर लोक नको तो चार्जर आणि न पुरणारी बॅटरी घरी आणतात.

किलोवॉट-अवर म्हणजे आपल्या बिलावरचं युनिट. ते प्रत्येकाला कळतं, तेव्हा त्यावर वेळ घालवत नाही. टाटाच्या टियागो ईव्हीची बॅटरी २४ किलोवॉट-अवरची म्हणजे तिच्यात २४ युनिट मावतात. एमजीच्या छोट्या कॉमेट गाडीत १७.३ मावतात, नेक्सॉनमध्ये मॉडेलप्रमाणे ३० किंवा ४५. एवढंच.

अडतं ते किलोवॉटपाशी. खरं तर कास्तकाराला तो शहरातल्या माणसापेक्षा लवकर कळायला हवा, कारण किलोवॉट म्हणजे एचपीच. १ एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॉट, म्हणजे विहिरीवरची ५ एचपीची मोटर ३.७ किलोवॉटची झाली. एचपीवरून कळतं की मोटर या क्षणी किती जोर लावते. तिनं वीज किती खाल्ली हे एचपीवरून कळत नाही, त्यासाठी ती किती वेळ चालली ते विचारावं लागतं. तीच मोटर तासभर चालली तर आतली घट धरून चार-साडेचार युनिट जातात, दहा मिनिटांत बंद केली तर पाऊणच्या आसपास. किलोवॉटला तासांनी गुणलं की युनिट येतात, आणि युनिटला किलोवॉटनं भागलं की तास. पुढचे सगळे हिशोब या दोन ओळींत बसतात.

मग आपल्याकडे हा घोळ इतका पक्का का? कारण शेतीपंपाचं बिल. ज्या पंपांना मीटर नव्हतं त्यांचं बिल वर्षानुवर्षं एचपीवर आलं: तीनच्या मोटरीला एवढे, पाचाच्या मोटरीला तेवढे, मग मोटर चालो की बंद राहो. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज योजना लागू झाली, त्यामुळे वावरातल्या मोटरीनं किती युनिट खाल्ले हे पाहायचं कारणच उरलं नाही. "जोर मोठा तर बिल मोठं" ही सवय तिथून लागली. घरच्या मीटरला आणि चार्जिंग स्टेशनला ती लागू पडत नाही.

आता ६० किलोवॉटचा चार्जर घ्या. गाडीत १७ युनिट भरायचे असतील तर घरच्या प्लगवर भरा नाही तर हायवेवर, बॅटरीत जाणार १७ युनिटच. फरक वेळेत पडतो, आणि युनिटच्या दरात. स्टेशनचा दर बहुतेक घरच्यापेक्षा जास्त असतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. स्टेशन महाग पडतं ते या दरामुळे. पाटीवरच्या ६० या आकड्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

शिवाय पाटीवर ६० लिहिलं म्हणून गाडी ६० घेत नाही. चार्जर जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते पाटी सांगते, किती घ्यायचं ते गाडी ठरवते. २४ युनिटांच्या टियागोला फास्ट चार्जरवर १० ते ८० टक्के व्हायला ५८ मिनिटं लागतात, असं कंपनीच सांगते. ७० टक्के म्हणजे १६.८ युनिट. तासाभरात तेवढे म्हणजे सरासरी १७-१८ किलोवॉट झाले. तेव्हा ३० चा चार्जर रिकामा असताना "६० चा मोकळा होऊ द्या" म्हणत छोट्या गाडीनं रांगेत थांबू नये, वेळ जवळपास तेवढाच लागतो. ८० टक्क्यांनंतर गाडी स्वतःच वेग उतरवते, म्हणून शेवटचे २० टक्के भरायला हायवेवर बसून राहणं म्हणजे वेळही जातो आणि मागच्याची अडवणूकही होते.

मोटरीच्या किलोवॉटचाही असाच गोंधळ होतो. टियागोच्या याच मॉडेलची मोटर ५५ किलोवॉटची आहे. पूर्ण जोर लावून ठेवला तर २४ युनिट अर्ध्या तासाच्या आत संपतील. पण तसं कोणी चालवत नाही. गावरस्त्यावर पन्नास-पंचावन्नच्या वेगानं जाताना गाडी साधारण ७ किलोवॉटच खर्च करते, म्हणजे युनिटमागे सात-आठ किलोमीटर मिळतात. समृद्धी महामार्गावर शंभरनं गेलात तर सहा, आणि १२० च्या मर्यादेला टेकवली तर पाचाच्या आसपास. म्हणून ब्रोशरमधला रेंजचा आकडा बाजूला ठेवा. बॅटरीच्या युनिटांतून १५ टक्के शिल्लक म्हणून वजा करा आणि उरलेल्याला सातनं गुणा. २४ च्या बॅटरीचे १४० किलोमीटर येतात. यवतमाळ ते नागपूर हे अंतर दीडशेच्या आसपास आहे, म्हणजे या गाडीला वाटेत थांबावंच लागेल. तो प्रवास वारंवार होत असेल तर मोठी बॅटरी घ्या. तालुक्याला जाऊन-येऊन रोज साठ-सत्तर किलोमीटर होत असतील तर हीच गाडी पुरून उरते.

उन्हाळ्यात एसीचा हिशोबही याच सूत्रानं होतो. चंद्रपूर-अकोल्याच्या ४५ डिग्रीत एसी सुरुवातीला दोन किलोवॉट ओढतो, गाडी गार झाल्यावर एकाच्या आसपास येतो. मंगल कार्यालयाबाहेर तासभर एसी लावून बसलात तर एक-दीड युनिट, म्हणजे आठ-दहा किलोमीटर गेले. त्यानं बॅटरी "उतरून" जात नाही.

घरचं चार्जिंग

इथे मात्र किलोवॉटच महत्त्वाचा आहे, आणि नेमकं इथेच लोक युनिट मोजत बसतात. गाडीसोबत येणारा चार्जर १५ अँपिअरच्या प्लगवर चालतो आणि सुमारे ३.३ किलोवॉट ओढतो. बिलावर "मंजूर भार" पाहा. गावठाणातल्या अनेक घरांना तो एक-दोन किलोवॉटच असतो. गीझर दहा-पंधरा मिनिटांत बंद होतो म्हणून निभतं, गाडी मात्र तेवढाच भार तासन् तास धरून ठेवते. खांबावरून आलेली जुनी सर्व्हिस वायर, मीटरचा ढिला न्यूट्रल, काळपटलेला सॉकेट, यातलं जे कच्चं असेल ते तापतं आणि वितळतं. म्हणून आधी महावितरणकडे भार वाढवायचा अर्ज करा. स्वतःची गाडी घरच्या मीटरवर चार्ज करायला वेगळी जोडणी लागत नाही, पण भार मंजूर असला पाहिजे.

मीटरपासून प्लगपर्यंत ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची स्वतंत्र वायर, २० अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की लाइन तोडणारा स्विच), ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आणि चांगल्या कंपनीचा १६ अँपिअरचा सॉकेट. यात काटकसर नको. खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड काढून गाडी लावणं तर पूर्ण बंद करा. आगीचा धोका तिथेच असतो.

अर्थिंगकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. चार्जरचा डबा आधी अर्थिंग तपासतो, ते नसेल तर लाल दिवा लागतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. मग "चार्जर खराब निघाला" म्हणून गाडी सर्व्हिस सेंटरला जाते, तिथे ती बरोबर चालते. आपली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि अर्थिंगच्या प्लेटपासून सुटते. पावसाळ्यात चालणारं चार्जिंग एप्रिलमध्ये का अडतं, त्याचं हेच कारण. खड्डा खोल घ्या, कोळसा-मीठ नीट भरा आणि मार्चपासून पाइपातून नेमानं पाणी टाकत राहा.

व्होल्टेजचंही बघा. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. रब्बीच्या दिवसांत लाइन १८० वर आली की १५ अँपिअरला २.७ किलोवॉटच मिळतात. युनिट तेवढेच लागतात, तास वाढतात. फार खाली गेली तर चार्जर स्वतः थांबतो. त्यासाठी स्टॅबिलायझर घेऊ नका. तो लाइनमधून जास्त अँपिअर ओढतो आणि व्होल्टेज आणखी पाडतो.

प्लगवरून प्रत्यक्ष बॅटरीत तासाला अडीच-पावणेतीन युनिट जातात. रोज पन्नास किलोमीटर चालणाऱ्या गाडीला सात युनिट, म्हणजे तीन तास लागतात. रात्रभरात तीन तास लाइन राहिली तरी भागतं. म्हणूनच ७.२ किलोवॉटचा मोठा चार्जर गावात घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. त्याला सतत ३२ अँपिअर लागतात आणि अनेकदा थ्री फेज घ्यावं लागतं. गाडी रात्रभर उभीच असते, मग लवकर भरून करायचं काय? गावात फास्ट चार्जर का बसत नाही तेही यावरूनच कळेल. ६३ केव्हीएची डीपी, म्हणजे वस्तीचा ट्रान्सफॉर्मर, जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोवॉट देते, आणि तिच्यावर सगळी वस्ती असते.

सोलर

३ किलोवॉटचं सोलर दिवसाला साधारण १२ युनिट तयार करतं. गाडीला रोज लागतात सात-आठ. म्हणजे हुकलं तर नाहीच, उलट घरासाठीही उरतात. दिवसा वीज लाइनमध्ये जाते, रात्री गाडी लाइनमधून घेते आणि नेट मीटर वजाबाकी करतं. दोन्ही किलोवॉट जुळायची गरज नाही, युनिट जुळले की झालं. घरावरच्या सोलरसाठी केंद्राची सूर्यघर योजना आहे, तिच्यात ३ किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान मिळतं. फक्त लाइन गेली की असं सोलरही बंद पडतं, त्यावर भरदुपारीसुद्धा गाडी चार्ज होत नाही.

वावरातला सौरपंप वेगळा. त्याचा कंट्रोलर मोटरीपुरतीच वीज बनवतो, त्यावर गाडी लावू नका. मोफत विजेच्या शेतीजोडणीवर तर मुळीच नाही. विद्युत कायद्याच्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दरानं होते.

परवडतं का

महिन्याला १००० किलोमीटर धरा. चार्जरमधली घट धरून मीटरवर सुमारे १६५ युनिट. घराचा वापर ८० असेल तर एकूण २४५ होतात. पहिले १०० स्वस्त टप्प्यात राहतात, वरचे १४५ महाग टप्प्यात जातात. गाडीचे सगळे युनिट अधिभार, शुल्क धरून १३ रुपयांनी मोजले तरी खर्च २२०० च्या आत. १८ च्या ॲव्हरेजच्या पेट्रोल गाडीला १०५ रुपयांच्या भावानं ५८०० लागतील. महिन्याला साडेतीन हजारांच्या वर वाचतात. गाडीच्या किमतीत तीन लाखांचा फरक असेल तर तो सुमारे सात वर्षांत निघतो. महिन्याला तीनशे-चारशे किलोमीटरच होत असतील तर तो निघत नाही, पेट्रोलचीच गाडी ठेवा.

हा हिशोब मीटरच्या रीडिंगवरून करा. गाडीची स्क्रीन बॅटरीत गेलेले युनिट दाखवते. चार्जरमध्ये १० ते १५ टक्के उष्णतेत जातात, ते तिथे दिसत नाहीत, बिलात मात्र येतात. रात्री प्लग लावताना आणि सकाळी काढताना मीटरचा आकडा टिपा, घरातला रात्रीचा पंखा-फ्रिजचा वापर वजा करा, आणि महिन्याचे किलोमीटर त्या बेरजेनं भागा.