धावपट्टीवरचे दिवे एकसर का जोडतात?

2027 च्या सिंहस्थामुळे ओझर विमानतळाच्या विस्ताराचा विषय सध्या नाशिकमध्ये वारंवार निघतो आणि त्या ओघात धावपट्टीवरच्या दिव्यांचाही निघतो. या दिव्यांविषयी एक समज विज्ञान शिकलेल्या माणसांमध्येही पक्का असतो, तो असा की घरातल्या दिव्यांप्रमाणे तेही समांतर जोडणीत असणार. एकसर जोडणीत एक दिवा गेला की सगळेच विझतात, हे शाळेच्या पुस्तकात असते आणि दिवाळीच्या जुन्या माळेने ते घरोघरी पटवून दिलेले असते. प्रत्यक्षात मोठ्या विमानतळांवर धावपट्टीचे दिवे बहुतेक ठिकाणी एकसर जोडणीतच असतात.

समजा, धावपट्टी ओझरसारखी सुमारे 3 किलोमीटर लांब आहे. कडेच्या दोन दिव्यांमधले अंतर आंतरराष्ट्रीय नियमांनुसार 60 मीटरपेक्षा जास्त नसावे लागते, म्हणजे दोन्ही बाजू मिळून शंभराच्या आसपास दिवे झाले. प्रत्येकी 200 वॅटचे हॅलोजन दिवे धरले तर एकूण भार 20 किलोवॅट होतो. हे सारे 230 व्होल्टवर समांतर जोडले तर केबलमधून सुमारे 87 अँपिअर धारा न्यावी लागेल आणि शेवटच्या दिव्यापर्यंत पोहोचेतो विभवांतर बरेच घटलेले असेल. तंतूच्या दिव्याचे वैशिष्ट्य असे की विभवांतर 10 टक्क्यांनी कमी झाले तर प्रकाश जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी होतो. रात्री उतरणारा वैमानिक उंची आणि अंतर यांचा अंदाज याच रांगांवरून बांधत असतो, त्यामुळे अलीकडचे दिवे प्रखर आणि पलीकडचे मंद असणे चालण्यासारखे नाही.

एकसर जोडणीत हा प्रश्नच उरत नाही, कारण एका वळशातून वाहणारी धारा सर्वत्र सारखीच असते. येथे पूर्ण प्रखरतेसाठी 6.6 अँपिअर ही धारा ठरलेली आहे. त्या धारेला 200 वॅटच्या दिव्यावर सुमारे 30 व्होल्ट पडतात आणि शंभर दिव्यांचे मिळून 3000 व्होल्ट होतात. 6 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलचा रोध किलोमीटरला साधारण 3 ओहम असतो, म्हणून 6 किलोमीटरच्या वळशासाठी आणखी 120 व्होल्ट द्यावे लागतात. एवढे केले की पहिला आणि शंभरावा दिवा सारखेच उजळतात.

मग एखादा दिवा जळाला तर काय होते? या व्यवस्थेतली मला सर्वांत देखणी वाटणारी युक्ती येथेच आहे. दिवा मुख्य केबलमध्ये थेट जोडलेलाच नसतो. प्रत्येक दिव्याजवळ, जमिनीखाली, एक छोटे रोहित्र असते. त्याची प्राथमिक गुंडाळी मुख्य वळशात एकसर असते आणि दिवा दुय्यम गुंडाळीवर असतो. दिवा चालू असताना दुय्यम धारा प्राथमिक धारेच्या चुंबकीय परिणामाला जवळजवळ पूर्ण छेद देते, त्यामुळे लोखंडी गाभ्यात चुंबकप्रवाह थोडाच राहतो. दिवा जळाला की दुय्यम धारा थांबते, परंतु प्राथमिक गुंडाळीतली 6.6 अँपिअर धारा वाहतच राहते, कारण तिची तार कोठेही तुटलेली नाही. आता तिला विरोध करणारे कोणी नसल्याने गाभा क्षणात संपृक्त होतो, म्हणजे धारा कितीही वाढली तरी त्यातला चुंबकप्रवाह फारसा वाढत नाही. विभवांतर निर्माण होते ते चुंबकप्रवाह बदलल्यामुळे. संपृक्त गाभ्यात तो बदल धारा शून्यातून दिशा पालटते त्या अल्प काळापुरताच होतो, म्हणून प्रत्येक अर्धचक्रात विभवांतराचे एक अरुंद टोक तेवढे उमटते आणि बाकीच्या वेळी ती गुंडाळी साध्या तारेसारखी वागते. एक दिवा विझतो, उरलेले तसेच जळत राहतात. शिवाय या अरुंद टोकांमुळे संपूर्ण मंडलाच्या विभवांतराचा आकार किंचित बदलतो आणि तो मोजून किती दिवे गेले आहेत याचा अंदाज उपकेंद्रात बसूनच घेता येतो.

धारा ठरलेल्या मूल्यावर राखण्याचे काम स्थिरधारा नियामक करतो. तंत्रज्ञ त्याला सीसीआर म्हणतात. भार बदलला की तो विभवांतर बदलतो. मुख्य केबलच तुटली तर मात्र त्याला तात्काळ बंद व्हावेच लागते, नाहीतर धारा वाहती ठेवण्याच्या प्रयत्नात तो तुटलेल्या टोकांवर हजारो व्होल्ट आणून ठेवील. टॉवरमधून प्रखरतेच्या सहसा पाच पायऱ्या निवडता येतात: 2.8, 3.4, 4.1, 5.2 आणि 6.6 अँपिअर. धारा निम्म्याहून कमी केली की प्रकाश एक टक्क्याच्याही खाली जातो, इतका तंतू संवेदनशील असतो. दिवे जितके प्रखर तितके सुरक्षित, ही समजूत चुकीची आहे. निरभ्र रात्री पाचव्या पायरीवरचे दिवे वैमानिकाचे डोळे दिपवतात. ती पायरी भर उजेडातल्या धुक्यासारख्या प्रसंगांसाठी असते.

हे मंडल जमिनीपासून विद्युतदृष्ट्या अलग ठेवलेले असते, म्हणून एका ठिकाणी केबलचे आवरण निकामी झाले तरी दिव्यांवर परिणाम दिसत नाही. दुसऱ्या ठिकाणीही तसेच झाले की धारा जमिनीतून आडवाट धरते आणि त्या दोन ठिकाणांमधले दिवे मंदावतात किंवा विझतात. पहिला दोष डोळ्यांना दिसत नाही, हाच येथला खरा धोका आहे. पावसाळ्यात खड्ड्यांमध्ये पाणी साचते, जोडांत ओल शिरते आणि आवरणाचा रोध घसरतो. तो मेगरने, म्हणजे आवरणाचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने, नियमित मोजणे आणि नोंदी ठेवणे हाच त्यावरचा उपाय आहे. यंत्रांच्या पॅनेलवर लिंबू-मिरची बांधण्याची आपल्याकडची रीत ओल थांबवत नाही, आणि तिच्या भरवशावर मोजणी पुढे ढकलली गेली तर ती घातकच ठरते.

एक पूर्ण मंडल बंद पडले तरी धावपट्टी अंधारात जाऊ नये म्हणून दिवे दोन मंडलांत आलटून पालटून जोडतात, म्हणजे एक बंद पडल्यास एकाआड एक दिवे जळत राहतात. बाहेरची वीज गेल्यास कडेच्या दिव्यांना 15 सेकंदांत पर्यायी वीज मिळावी लागते. अतिशय कमी दृश्यमानतेतील उड्डाणांसाठी मध्यरेषेच्या दिव्यांना ही मुदत केवळ 1 सेकंदाची आहे.

एलईडी आल्यावर हे सारे कालबाह्य झाले, असे ठामपणे सांगितले जाते. वीज वाचते हे खरे आहे, पण अनेक विमानतळांवर एलईडी दिवे त्याच 6.6 अँपिअरच्या वळशावर आणि त्याच रोहित्रांवर बसवले जातात. एलईडीचा प्रकाश धारेबरोबर तंतूसारखा बदलत नाही, त्यामुळे दिव्यातले इलेक्ट्रॉनिक मंडल आधी येणारी धारा मोजते आणि त्या पायरीला हॅलोजन दिवा जेवढा उजळला असता तेवढाच प्रकाश देते. काही बनावटींमध्ये एलईडी निकामी झाल्यास हे मंडल दुय्यम बाजू मुद्दाम उघडी करते, म्हणजे रोहित्राचा गाभा पूर्वीप्रमाणेच संपृक्त होतो आणि उपकेंद्रातल्या जुन्या मापन यंत्रालाही दिवा गेल्याचे कळते.